उल्रिकेचा कोरा नकाशा

माझं पुण्याचं तिकीट काढलंय, आणि ते मला फॅमिली ग्रुपवर कळलं.

काढलं माझ्या धाकट्या मुलाने, सुहासने. इथे जर्मनीत आम्ही एकाच घरात राहतो. भिंतीपलीकडच्या खोलीत बसून त्याने मेसेज टाकला, "आई पुढच्या महिन्यात दादाकडे शिफ्ट होतेय."

खाली सगळ्यांचे अंगठे.

असो. नमस्कार. ग्रुपवर न लिहिता इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आज आमच्या उल्रिकेला जाऊन वर्ष झालं.

उल्रिके म्हणजे माझी सून, सुहासची बायको. जर्मन, इथलीच, ड्रेस्डेनची. मराठी मोडकंतोडकं, पण "अहो आई" एकदम चोख.

ती सरकारी वकील होती. तसं म्हटलं की आपल्याला कोर्ट आणि आरोपी दिसतो. ही तसली नव्हे. ही सरकारलाच सांगायची, हे कायद्यात बसतं, हे बसत नाही.

इथून जवळच्या खेड्यांत सोर्ब लोक राहतात. मूळचे तिथलेच, जर्मनांच्याही आधीचे. भाषा वेगळी. त्यांच्या जमिनीखाली कोळसा निघाला, म्हणून मागे गावंच्या गावं उठवली. आता कोळसा नको, पवनचक्क्या हव्यात. त्याही त्यांच्याच जमिनीवर.

त्या लोकांना विचारायचं कसं, हे सरकारला शिकवणं हे हिचं काम.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. "विचारायला वकील लागतो?"

"हो आई. नाहीतर विसरतात."

माझं माहेर धरणात गेलं. वीज करायची होती. मी चौथीत होते. शाळाही पाण्याखाली गेली, म्हणून शिक्षण तेवढंच. हे मी तिला एकदा घेवडा निवडताना सहज सांगितलं.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"विचारतंय कोण. दवंडी पिटली."

दवंडी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ढोल वाजवत माणूस येतो, ठरलेलं ओरडून सांगतो आणि जातो.

तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर गावाला चला."

ऑफिसने तिला नकाशा दिला होता. पवनचक्क्या कुठे बसणार ते लाल ठिपके आधीच काढलेले. तिने तो गाडीत मागे टाकला आणि माझ्या मांडीवर दुसरा ठेवला. त्यावर गाव, ओढा, रस्ते. ठिपका एकही नाही.

"ठिपके काढून नेले तर ते विचारणं नाही, आई. ती दवंडी."

एका दिवसात शब्द उचलला होता बयेने.

गावात एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात बसलो. माझ्याच वयाची. तिने उकडलेले बटाटे वाढले, सोबत क्वार्क, म्हणजे आपला चक्का, आणि वर जवसाचं तेल. जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा मी कुणाकडे मागून घेतलं.

उल्रिकेने नकाशा टेबलावर पसरला. प्रश्न त्यांच्या भाषेत पाठ करून आली होती. विचारला आणि गप्प.

म्हातारीही गप्प.

मला वाटलं, संपलं बोलणं. उठायला लागले, तर हिने टेबलाखालून माझा पदर ओढला.

मग म्हातारीने नकाशावर बोट टेकवलं. ती काय म्हणाली ते उल्रिकेने मला सांगितलं. टेकडीवर चालेल. ओढ्याकाठी नाही. तिथे तिची माणसं पुरलेली होती. जुनं गाव उठवलं तेव्हा त्यांना एकदा उकरून इथे आणलं होतं. पुन्हा हलवू देणार नव्हती.

पवनचक्क्या टेकडीवर झाल्या. ऑफिसातला एक जण हिला म्हणाला म्हणे, एका म्हातारीसाठी एवढा उशीर?

ही म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे, बरोब्बर.

घरातही तीच तऱ्हा. पडदे कुठले लावू, भाजी कुठली करू. मी वैतागायचे. "अगं कर ना काहीही, विचारतेस काय." पण मी सांगेपर्यंत विळीला हात लावायची नाही.

मग ती आजारी पडली. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा हॉस्पिटलच्या पलंगावरून तिने मला विचारलं, "आई, मी घरी आले तर तुम्हाला चालेल? बघवणार नाही कदाचित."

"घर तुझं आहे. मला काय विचारतेस?"

"तुम्हीही राहता तिथे."

आणि थांबली. तिला बोलताना धाप लागत होती, तरी माझ्या उत्तरासाठी थांबली.

मी म्हटलं, ये.

आली. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पलंग लावला. तिथेच गेली.

आता सुहास सकाळी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात जातो. नात मीरा फ्रँकफर्टला नोकरीला. रविवारी फोन करते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, मग दोघी फोन ठेवतो. दिवसभर घरात आवाज येतो तो डिशवॉशरचा. भाजी कुठली करू, कुणी विचारत नाही. मी केली ती मी खाते.

सुहासचं म्हणणं, मी इथे एकटी पडते.

खरंय. पडते. पुण्याला बरं वाटेल, तेही खरं असेल. कदाचित मी हो म्हणेन.

पण नकाशावर ठिपका आधीच काढलाय.

उल्रिके, आज बटाटे उकडलेत. तुझी तेलाची बाटली संपली, नवी आणली. तुझ्या जागेवर ताट वाढलंय, तुला न विचारता. एवढं एकदा चालवून घे. तुझ्या सासूचा तुला नमस्कार.

बाकीच्यांनी खाली हात जोडायची चित्रं टाकू नका. मीरा, तूही मध्ये बोलू नकोस.

उत्तर सुहासने द्यायचं. इथे लिहून नाही. स्वयंपाकघरात ये, उल्रिकेच्या खुर्चीत बस, मला प्रश्न विचार, आणि मी बोलेपर्यंत थांब.