काकांची एकमेव चूक

आमच्या पलीकडच्या घरातले काका आयुष्यात कधीच चुकले नाहीत. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगायचे. साखर कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं काढून ते मुलाकडे अमेरिकेत ट्रॉयला राहायला आले आणि आल्या दिवसापासून गल्लीतली यच्चयावत यंत्रं त्यांच्या देखरेखीखाली गेली. कुणाचं गॅरेजचं दार कुरकुरलं, कुणाचा डिशवॉशर गुरगुरला, की काका खिशात टॉर्च आणि हातात स्टीलचा पेला घेऊन हजर. पेला यंत्राला टेकवायचा, त्याच्या बुडाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि निदान सांगून मोकळं व्हायचं. एकदा देवळात जाताना त्यांनी मला तासभर भलत्याच हायवेवर फिरवलं आणि शेवटी शांतपणे म्हणाले, "रस्ता बदललाय यांनी." मला ते मनापासून आवडायचे. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती, कारण तेही त्यांना आधीच ठाऊक असायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत घर गरम ठेवणारा आमचा गॅसचा फर्नेस सारखा बंद पडू लागला. बाहेर बर्फ, घरात वीस दिवसांची लेक आणि बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई. लेकीचे हात गार लागले की मी तिला आणखी एका दुपट्यात गुंडाळायचो. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार होता. काका मात्र बेल वाजवून लगेच आत आले. "काय घाबरायचं नाही, इंजिनिअर," मला म्हणाले. माझं सॉफ्टवेअरचं शिक्षण त्यांच्या लेखी चेष्टेचाच विषय होता. त्यांनी ज्योत ओळखणारी कांडी भांड्यांच्या घासणीने चकचकीत केली, नवा फिल्टर बसवला आणि फर्नेस झकास चालू लागला. ते गेले आणि तासाभरात पुन्हा बंद. असं तीनदा झालं. काका घरात असेपर्यंत फर्नेस एकदाही रुसला नाही. "मला बघितलं की गुमान चालतोय, यार," काका म्हणाले. 'यार' ते मुलाकडून शिकले होते.

चौथ्या वेळी ते विसरलेला पेला न्यायला बेल न वाजवता मागच्या दाराने आले. मीच दार उघडलं आणि दोघंही थबकलो. गरम हवा येणाऱ्या जमिनीतल्या एकूण एक जाळीवर बाळाचे ओले लंगोट आणि दुपटी पसरलेली होती, आणि सगळ्यात मोठ्या जाळीवर गोधडीत गुंडाळलेलं दह्याचं पातेलं. मी ते रोज बघत होतो, पण त्याचा फर्नेसशी संबंध आत्ता काकांबरोबर बघताना लागला. ड्रायरमध्ये तान्ह्या बाळाचे कपडे कडक होतात, असं सासूबाईंचं ठाम मत. परक्या माणसाला लंगोट दिसू नयेत म्हणून बेल वाजली की त्या सगळा पसारा चटकन उचलायच्या. हवेची वाट अडली की फर्नेस आतून तापत होता आणि आपणहून बंद होत होता.

सासूबाईंच्या हातातलं दुपटं हातातच राहिलं. "माझ्यामुळे बंद पडत होता का हो?" त्यांनी विचारलं. जावयाच्या घरात, आपल्याच नातीला आपण थंडीत ठेवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी माझा दंड घट्ट धरला.

"छे हो, वहिनी. चूक माझी. फिल्टर जाड बसवला मी."

मग ते बेसमेंटमध्ये उतरले, फिल्टर काढला, फुंकर मारली आणि तोच परत बसवला. तिथेच कपड्यांसाठी दोरी बांधून दिली. वर येऊन म्हणाले, "इथली जाळी लई मंद, वहिनी. कपडे खाली लवकर वाळतील. आणि दही ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवा, घट्ट लागतं." त्यानंतर फर्नेस कधी बंद पडला नाही.

बारशाला आलेल्या सगळ्यांना सासूबाईंनी सांगितलं, "माणूस लाखाचा आहे, पण त्यांना फर्नेसमधलं फारसं कळत नाही." हळूहळू लोक काकांना बोलवेनासे झाले. मी एकदा खरं सांगून टाकतो म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले.

काका आता मुलाबरोबर दुसऱ्या राज्यात, प्लेनोला गेलेत आणि मला त्यांची फार आठवण येते. थंडी पडली की सासूबाई पुण्याहून फोनवर बजावतात, "फर्नेस बिघडला तर कंपनीचाच माणूस बोलवा हं. त्या काकांना विचारत बसू नका." मी हो म्हणतो. लेकीचे कपडे हल्ली ड्रायरमध्येच जातात. बेसमेंटमधली ती दोरी मात्र माझ्याच्याने अजून सोडवत नाही.