दम धरायची परीक्षा

दगड घासणाऱ्या त्या कारखान्यात थोरलीची बावीस वर्षं गेली होती. ओट्याच्या फरशा गुळगुळीत करायच्या आणि धूळ गिळायची. नव्या बाईला ती पहिल्याच दिवशी बजावायची, "चाक दगडाला टेकलं की दम धर. उचललं की सोड." तिची धाकटी जाऊही हीच विद्या शिकून शेजारच्या चाकाला लागली. यंदा तीही खोकायला लागली, तसा थोरलीने मालकामागे भुंगा लावला, धूळ ओढणारा पंखा बसवा.

मालकाने श्वासगुरू आणून बसवला.

पांढरेशुभ्र कपडे. इथल्या जमिनीला अंग लागू नये म्हणून स्वतःची चटई. बायांना समोर बसवून त्याने तोंडाचा पट्टा सोडला. बर्फातले भिक्षू म्हणे श्वासावर ऊब धरतात, वाळवंटातले फकीर श्वासात देवाचं नाव घोळवतात, कुठल्या बेटावरचे वैदू फुंकर घालून ताप उतरवतात. असेलही खरं. पण त्या बिचाऱ्यांनी कुणाचा पंखा टळावा म्हणून श्वास घेतला नव्हता.

"पूर्ण आत घ्या, ताई. अख्खं विश्व आत घ्या."

"तेच करतेय की," थोरली म्हणाली. "अर्धा डोंगर आत गेलाय."

बाया फिदीफिदी हसल्या. गुरूला झोंबलं. "तोंड बरं चालतंय. छाती चालते का बघू. चाळीस सेकंद श्वास रोखला तर माणूस निरोगी."

थोरलीचा पारा चढला. तिने सत्तर सेकंद रोखला. बाकीच्याही पन्नास सेकंदांपुढे गेल्या. जाणारच, चाकापाशी दिवसभर दुसरं काय करत होत्या?

मालकाने टाळ्या पिटल्या. "बघा, ठणठणीत छात्या! पंख्याचा विषय संपला."

थोरलीला स्वतःचीच किळस आली. फुशारकीपायी धाकटीचा पंखा तिने आपल्याच हाताने घालवला होता.

"मालक, काडी पेटवा," ती म्हणाली. "हातभर लांब धरा."

त्याने हसत पेटवली. थोरलीने फुंकलं. ज्योत हललीसुद्धा नाही. पुन्हा फुंकलं, तर खोकल्याची उबळ आली. चारचौघांत आजवर खोकला दाबून ठेवणारी ही बाई, दुमडून गेली.

"पुरे ना ताई, सगळे बघतायत," धाकटीने तिला सावरलं.

"बघू दे."

काडी बोटापर्यंत जळत आली, तेव्हा मालकानेच फू करून विझवली.

"श्वास सोडणं कच्चं आहे," गुरू चटई गुंडाळत म्हणाला. "सरावाने जमेल."

याच्या तोंडावर थुंकावं असं थोरलीला वाटलं. पण थुंकायलाही दम लागतो.

"चला, कामाला लागा," मालक खेकसला.

धाकटीने तोंडाला बांधायचा फडका सोडला आणि आपल्या चाकावर टाकला. "आधी पंखा फिरू दे."

मग शेजारणीने टाकला. मग तिच्या पलीकडचीने. चाकं बंदच राहिली.