बांधीतला उजवा ब्रेक

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, एक उजव्या चाकाचं, एक डाव्याचं. रस्त्यावर ती कडीनं जोडून ठेवतात. धानाच्या रोवण्याआधी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, चिखल करताना मात्र कडी काढतात, कारण चिखलात नुसतं स्टिअरिंग फिरवून ट्रॅक्टर वळत नाही. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. माझ्या मुलीला हे माझ्या मोठ्या भावानं शिकवलं. त्याला मूलबाळ नाही. ती त्याला मोठे बाबा म्हणते.

पुढे ती चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकू लागली, तेव्हा माझ्यापेक्षा भाऊच जास्त मिरवला. "पोरगी बांधीतून डायरेक्ट आभायात," असं तो पानठेल्यावर सांगायचा.

"मंग भाऊ, यंदा चिखल इमानानंच करता का?" लोक विचारायचे. तोही हसायचा.

लहान विमान उडण्यासाठी जोरात धावू लागलं की पुढच्या फिरत्या पंख्यामुळे त्याचं नाक डावीकडे ओढलं जातं. ते सरळ ठेवायला टाच खाली टेकवून उजवं पेडल दाबायचं असतं. त्याच पेडलाच्या वरच्या भागात उजव्या चाकाचा ब्रेक असतो. अपघात झाला त्या सकाळी ती विमानात एकटी होती. नाक नेहमीपेक्षा जास्त ओढलं गेलं, आणि तिनं पाऊल वर उचलून सगळा जोर लावला. विमान गर्रकन उजवीकडे वळलं, पट्टी सोडून नालीत गेलं आणि उलटलं. ती वाचली. उजवा घोटा मात्र असा मोडला, की आता तिला कधी विमान चालवता येणार नाही.

दवाखान्यात ती मला म्हणाली, "बाबा, मी ब्रेक दाबला. बांधीत दाबते तसा. पाय आपोआपच गेला. मोठे बाबाले सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण तिची बॅग आणायला भाऊ माझ्यासोबत धावपट्टीवर आला. मोडकं विमान शेडमध्ये ठेवलं होतं. भाऊनं आत वाकून पाहिलं.

"हे पेडलच्या वर काय आहे जी?"

"ब्रेक. दोन्ही चाकांचे वेगवेगळे," तिथल्या शिक्षकांनी सांगितलं.

भाऊनं हात घालून उजवं पेडल वरून दाबून पाहिलं. मग आम्ही ऑटोनं परत आलो. दवाखान्यात तो तिच्याजवळ बसला, तेव्हा तिनंच विषय काढला.

"आडवी हवा आली न, मोठे बाबा. एकदम."

"हो वो बाई," तो तिच्या प्लास्टरकडे पाहत म्हणाला. "हवाच आली असन."

यंदा रोवण्याच्या वेळी मी तिला घेऊन गावी गेलो. ती पाय लांब करून बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली, काठी शेजारी. भाऊ चिखल करत होता. प्रत्येक कोपऱ्यात ट्रॅक्टर अडत होता. तो मागे घ्यायचा, थोडा वळवायचा, पुन्हा मागे घ्यायचा. जवळ जाऊन पाहिलं तर ब्रेकची कडी लावलेलीच होती.

"कडी काऊन नाई काढली?" मी विचारलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "पोरगी पाहून राह्यली."

मी मागे वळून पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.