साडेपाचची गाडी आणि सिनेमाचा शेवट

परवा नातवाबरोबर सिनेमा पाहिला, तो कसा होता म्हणून तुम्ही मघापासून माझ्या मागं लागलाय. मी सांगणार नाही. चहा घ्या, भजी घ्या, पण सिनेमावर माझं मत विचारू नका. एकदा दिलं होतं मत, तर ठरत आलेलं लग्न हातचं जात होतं. हसताय काय? ऐका तरी.

तेव्हा आपलं हे शहर औरंगाबाद होतं. निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वीसेक वर्षं होऊन गेली होती, पण जुन्या माणसांच्या तोंडातली उर्दू काही गेली नव्हती. मी एका सरकारी कचेरीत नवाच कारकून लागलो होतो. गाव फुलंब्रीच्या पलीकडं, रोज एसटीनं ये-जा. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. मग काय, डबा खायचा आणि तीनचा खेळ गाठायचा. पंचवीस वर्षांचा बिनलग्नाचा माणूस दुसरं करणार तरी काय?

आता यातली गोम बघा. आमच्या गावात शिरणारी शेवटची गाडी साडेपाचला. सिनेमा सुटायचा सहाला. म्हणजे पाच वाजले की मी पिशवी छातीशी धरून, वाकत वाकत, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर. दोन वर्षं मी एकही सिनेमा सोडला नाही, आणि एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही.

पण हे कुणाला ठाऊक होतं? सोमवारी सकाळी औरंगपुऱ्यातल्या हबीबभाईंच्या हॉटेलात चहाला बसलो की ते गल्ल्यावरून हाक मारायचे, "क्या कारकूनसाब, कैसी है पिच्चर? जाऊं के नक्को?"

अख्खं हॉटेल कान टवकारायचं. मी चहा बशीत ओतायचो, एक घोट घ्यायचो आणि निकाल द्यायचो. गाणी कशी, हिरोचा कोट कसा, हिरोईन किती रडते. आणि शेवट? तो मी मनानंच सांगायचो. त्या काळात अवघड काय होतं त्यात? हरवलेले भाऊ भेटणार, बदमाशाला बेड्या पडणार, लग्न लागणार. बहुतेक वेळा बरोबर यायचं. "कारकूनसाब बोले सो बोले," असं हबीबभाई म्हणायचे आणि मी आणखी फुगायचो.

त्याच उन्हाळ्यात मला शकू सांगून आली. तिचे वडील अण्णासाहेब तहसीलीत पेशकार. म्हणजे साहेबापुढं कागद ठेवायचे, साक्षीदारांचे जबाब लिहून घ्यायचे. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. खोटा साक्षीदार उंबरा ओलांडून आत आला की ते चालीवरून ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले. शकूनं जाता जाता एकदा मान वर करून बघितलं, आणि मला खरं सांगायला आजही लाज वाटत नाही, दुसऱ्या कुणाशी लग्न करायचंच नाही असं मी तिथंच ठरवून टाकलं. आमच्या घरी पसंत, तिच्या आईला पसंत. राहिला फक्त अण्णासाहेबांचा होकार.

"मुलीचा मामला आहे," ते म्हणाले होते. "तसल्ली झाली की कळवतो."

आणि एका सोमवारी हे अण्णासाहेब स्वतः हबीबभाईंच्या हॉटेलात हजर. माझ्या समोर येऊन बसले.

"बरखुरदार, सिनेमात तुमचा शब्द चालतो म्हणे. आमच्या मातोश्री फर्दापूरहून आल्यात. दिल कमजोर आहे, रडारड सोसत नाही. हा जो नवा घरगुती सिनेमा लागलाय, तो त्यांना दाखवावा का? मशवरा द्या."

तो सिनेमा मी शनिवारीच पाहिला होता. पाच वाजेपर्यंत. तोवर त्यात काय होतं? एक गरीब कारकून मोठ्या घरचा जावई होतो, सासऱ्याचे पाय चेपतो, सासूची औषधं आणतो. यात पुढं वाईट काय घडणार?

"खुशाल न्या अण्णासाहेब. शेवट लई गोड आहे. सगळे एकत्र येतात, धाकटीचं लग्न लागतं."

"तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"या डोळ्यांनी."

इथं गप्प बसायला हवं होतं की नाय? पण जिभेला हाड नसतं ना. मी म्हणालो, "आणि त्यातला जावई तर बघाच तुम्ही. काय सज्जन माणूस. अगदी माझाच स्वभाव घेतलाय म्हणा ना."

अण्णासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. होकार आता खिशात, असं समजून मी आठवडाभर शीळ घालत हिंडलो.

पुढचा सोमवार उजाडला. मी ऐटीत हॉटेलात शिरलो, तर हबीबभाईंचं तोंड उतरलेलं.

"कारकूनसाब, वो पिच्चर तुम पूरी देखे थे क्या?"

"का हो?"

"कल मैं देखा. वो जमाई है ना, आखिर में सुसरे कू दवा में जहर देता."

"आणि सासू?"

"बावडी में ढकेल दिया."

"धाकटीचं लग्न?"

"कौन करता शादी? घर में कोई बचाच नईं."

मी बशी खाली ठेवली. रविवारी अण्णासाहेब घरची, शेजारची मिळून अकरा माणसं घेऊन त्याच सिनेमाला गेले होते, हेही हबीबभाईंनीच सांगितलं. संध्याकाळी मला घरी बोलावल्याचा निरोपही त्यांच्याकडंच ठेवला होता.

गेलो. त्या दिवशी साडेपाचची गाडी सोडून गेलो, यावरून समजा. बैठकीत आजी कपाळावर ओली घडी ठेवून पडल्या होत्या. मला बघून ताडकन उठून बसल्या.

"ह्योच का त्यो? अण्णा, याच्या हातचं पाणीसुदिक घिऊ नगंस रं."

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. "बसा. एकच सवाल आहे. तो जावई तुम्हाला खरंच सज्जन वाटतो, का न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलंत?"

बघा तुम्हीच. सज्जन म्हणावं तर मी खुनी, पाहिलं नाही म्हणावं तर खोटा साक्षीदार. यातला कुठला जावई कुणाला हवाय? तेवढ्यात शकू चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"अण्णा, मी सांगू? आत्याबरोबर मी कधीमधी शनिवारच्या खेळाला जाते ना, तेव्हा बायकांच्या बाल्कनीतून दिसतं. पाच वाजले की खाली एक माणूस पिशवी छातीशी धरून वाकत वाकत निघतो. आत्या त्याला घड्याळ म्हणते. हे बघायला आले तेव्हाच मी ओळखलं. यांच्या गावची शेवटची गाडी साडेपाचला असते."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. आमच्या गावच्या गाडीची वेळ हिला कशी ठाऊक? कुणाला तरी विचारली असणार, आणि ती उगाच कोण विचारतं? त्या एका वाक्यानं मला जो धीर आला, तो आजवर पुरलाय. मी सगळं कबूल केलं. एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही म्हणालो.

अण्णासाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तीस वर्षांत लई खोटे साक्षीदार पाहिले. पण दर सोमवारी नेमानं साक्ष देणारा हा पहिलाच. येत्या शनिवारी माझ्याशेजारी बसायचं. शेवटपर्यंत. गाडी चुकली तर मुक्काम आमच्या ओसरीवर. सिनेमा सुटला की तुमचा जबाब घेईन, मग माझा देईन."

शनिवार आला. नवा सिनेमा, शेजारी अण्णासाहेब, वर बाल्कनीत शकू आणि तिची आत्या. पाच वाजले आणि माझे पाय आपोआप उभे राहिले. अण्णासाहेबांनी सदरा ओढून खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सिनेमाचा शेवट बघणार होतो.

दिवे लागले. बाहेर पडताच त्यांनी विचारलं, "सांगा. काय झालं शेवटी?"

आणि माझ्या तोंडून दोन वर्षांच्या सवयीनं बाहेर पडलं, "सगळे एकत्र येतात. लग्न लागतं."

अण्णासाहेब थांबले. "हिरोईन मेली. हिरो संन्यासी झाला. शेजारी बसून तुम्ही बघत काय होतात?"

आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? मी मान खाली घातली. "वर बघत होतो, अण्णासाहेब. बायकांच्या बाल्कनीकडं. पाच वाजल्यापासून."

मग त्यांच्या मिश्या हलल्या.

"ही तुमची पहिली खरी साक्ष," ते म्हणाले. "लग्न लागेल. पण एक अट. या घरात सिनेमावर मत द्यायचं नाही."

अट मी पाळली. अण्णासाहेब गेले, हबीबभाई गेले, ते हॉटेल गेलं, साडेपाचची गाडीही कधीच बंद झाली. कधी औरंगपुऱ्यातून जाताना पाच वाजले की अजून पाय उगाच घाई करतात. ते दिवस फार आठवतात.

आणि परवाच्या सिनेमाचं म्हणाल, तर आता साडेपाचची गाडी गाठायची नाही, पण या वयात दोन तास एका जागी बसवतं का? शेवटी शेवटी उठावंच लागलं. मुतारी जिना उतरून खाली. परत आलो तर दिवे लागलेले. नातवानं विचारलं, "आजोबा, कसा वाटला?"

"छान," मी म्हणालो. "शेवट लई गोड."

आमच्याबरोबर आलेली शकू खुर्चीखाली चप्पल शोधत होती. मान वर न करता नातवाला म्हणाली, "यांना मोटारीत पुढं बसव. आणि माझ्या आजीसारखी घडी भिजवून आण कपाळावर ठेवायला. हिरो मेलाय त्यात."