सुमनचा ‘सो?’

बेळगावहून भाऊजींचा, माझ्या धाकट्या दिरांचा, फोन आला तेव्हा मी अंगणात भात वाळत घालत होते. “वैनी, गाडी करून घेऊन येतोय. अंगणातलं भात उचला, माणसं बसतील.” एवढंच. त्यांची बायको, माझी जाऊ सुमन, गेली, असं ते बोललेच नाहीत. पण आजारी बाई घरी येणार असली तर आत खाट घालतात, अंगण कोण मोकळं करतं? सूप हातात तसंच राहिलं… हे असं ताडायला मला तिनंच शिकवलं होतं.

सुमन खानापूरकडची, बी.एड. झालेली. रामनगरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची आणि संध्याकाळी आमच्या पडवीत गावातली पोरं घेऊन बसायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पुढचं सगळं दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून. मीही शेंगा सोलायचं निमित्त करून तिथंच बसायची. ती सांगायची, “घाटातल्या सगळ्या गाड्या उशिरा येतात. ही गाडी घाटातली हाय. सो?” सो म्हणजे ‘म्हणून काय?’, ते पुढं पोरांनी सांगायचं. एकदा एक पोरगी म्हणाली, “सो, चालत जाऊया टीचर!” सुमन इतकी हसली, इतकी हसली. “उत्तर चुकलं गं बाई, पण पोचशील तूच आधी!” धड्यातला कोळी बायकोशी खोटं बोलतोय, असं कुणी म्हटलं की लगेच विचारायची, “कुठल्या शब्दावरून?” तो शब्द बोट ठेवून दाखवल्याशिवाय सुटका नाही. मलासुद्धा सोडायची नाही. मी म्हणायची, “अगं, मला म्हातारीला कशाला?” तर म्हणे, “अक्का, पुड्या वाचून वकील म्हणून कोर्टात उभी राहशील तू!”

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काय ते भाऊजींना बाहेर नेऊन सांगितलं. भाऊजींनी घरातल्या सगळ्यांना बजावलं, अल्सर हाय म्हणायचं, दुसरं एक अक्षर नको. आम्हीही तेच घोकत राहिलो.

एका दुपारी ते औषधं आणायला खाली गेले. खोलीत आम्ही दोघीच. सुमन म्हणाली, “अक्का, डॉक्टर माझ्याकडं न बघता बोलतात. हे म्हणतात, तुला काय पाहिजे ते खा, पथ्य नको. धारवाडची मावशी कधी घरी आली न्हाई, ती साडी घेऊन आली. सो?”

“सो काय? बरी होशील.”

“कुठल्या शब्दावरून?”

आणि थांबली. पोरांसाठी थांबायची तशी, घाई न करता, माझ्या तोंडाकडं बघत. माझ्याकडं शब्दच नव्हता हो. मी तिचा हात धरला. “न्हाई सुमन. बरी न्हाई होणार तू.”

“बरोबर,” ती म्हणाली. आधी बरोबर म्हणाली आणि मग रडली… लई रडली. डोळे पुसून म्हणाली, “मला कळलंय ते ह्यांना सांगू नको. खोटं बोलायची सवय न्हाई त्यांना, मर मर मरून बोलतायत. मी असेपर्यंत चालू दे. मागनं सांग.”

त्यानंतर भाऊजी अल्सर म्हणायचे, ती “व्हय” म्हणायची. मी ताटात भात कालवत बसायची, मान वर न करता.

आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी सांगतात, तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, सुखानं गेली. तेवढ्या एका वाक्यावर माणूस उभा आहे. मागनं सांग म्हणाली खरी, पण किती मागनं, ते मी विचारलं नव्हतं. रोज चहा देताना ओठांवर येतं आणि परत जातं. तोंडानं जमेना म्हणून इथं पेपरात लिहिलं. पेपर ते वाचतातच.

पडवीच्या भिंतीवर, फळ्याच्या डाव्या अंगाला, एक पांढुरका डाग आहे. पोरांचं उत्तर येईपर्यंत सुमन तिथं खडूचा हात टेकून उभी राहायची, त्याचा. दिवाळीला भिंती सारवल्या, तेवढी जागा मी सोडली. भाऊजी संध्याकाळी खाली बसून तिथंच डोकं टेकतात. उठले की केसांना खडू लागलेला असतो.