मी न दिलेला रंग

वर्षातून दोन-तीन जण तरी माझ्या दुकानात येऊन मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, ताई, या फोटोत मागे कोणीतरी आलंय, बघा ना. मी बघते. बहुतेक वेळा लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असतो, नाहीतर फ्लॅश काचेवरून परत आलेला असतो, नाहीतर फोटो काढताना कोणी हललेलं असतं. मी ते मोठं करून दाखवते आणि माणूस जरा हिरमुसून घरी जातो. पंधरा वर्षं मी हेच काम करतेय. फोटोत जे दिसतं ते कुठून तरी आलेलं असतं, आणि कुठून आलं ते शोधलं की सापडतं... एवढीच माझी श्रद्धा. भूतखेत, चमत्कार या गोष्टी आमच्या घरात कधी कोणी मानल्या नाहीत, मीही नाही.

म्हणूनच ही गोष्ट मी वर्षभर कुणाला पूर्ण सांगितली नव्हती.

वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत माझं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, पासपोर्ट फोटो, आणि जुने खराब झालेले फोटो दुरुस्त करून देणं. हे शेवटचं काम माझ्या खास आवडीचं. मागच्या जानेवारीत संगीताताई आल्या त्या याच कामासाठी. पन्नाशीच्या आहेत, देवळीला राहतात, शाळेत शिकवतात. वहीच्या पानांमध्ये जपून ठेवलेला पोस्टकार्डाएवढा ब्लॅक अँड व्हाइट फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. लाकडी खुर्चीवर बसलेली एक तरुण बाई, अंगावर लुगडं, मांडीवर वर्षभराचं मूल, मागे कडुनिंब. एक कोपरा वाळवीने खाल्लेला आणि मधून आडवी भेग.

ती बाई म्हणजे त्यांची आजी, आणि मांडीवरचं मूल म्हणजे त्यांचे बाबा. बाबा दोन वर्षांचे व्हायच्या आत आजी गेली. तिचा हा एवढा एकच फोटो. आता बाबांना काचबिंदू झालेला, एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा जाण्याच्या वाटेवर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जे उरलंय तेही फार दिवस टिकणार नाही.

"बाबाईले दिसते तोवर त्यायची माय रंगात दाखवायची आहे," संगीताताई म्हणाल्या. "मोठा करून द्या."

मी लुगड्याचा रंग विचारला. हे विचारावंच लागतं, कारण ब्लॅक अँड व्हाइट फोटोत रंगाची काहीच माहिती नसते. करडा म्हणजे फक्त गडद किती आणि फिकट किती. तोच करडा लाल असू शकतो, हिरवाही असू शकतो. संगीताताईंनी बाबांना आधीच विचारलं होतं, पण मी एवढासा होतो, मले काय आठवते, असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. तिला पाहिलेलं दुसरं कोणी आता उरलं नव्हतं. मग अंदाजाने हिरवा करा, असं आमचं ठरलं.

भेग आणि कोपरा भरायला दोन दिवस गेले. मग रंग. मी प्रत्येक गोष्टीला वेगळा लेयर, म्हणजे रंगाचा थर, करते — त्वचेचा, खुर्चीचा, मुलाच्या पिवळ्या झबल्याचा, कडुनिंबाचा, लुगड्याचा. सगळं सेव्ह करून दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटी प्रिंट काढून पाहिली.

लुगडं निळं आलं होतं. गडद नाही, धुऊन धुऊन मऊ पडल्यासारखं फिकट निळं, किंचित जांभळ्याकडे झुकलेलं.

मी हसले. हिरवा निळा आला की आमच्या धंद्यात त्याचा एकच अर्थ, पिवळी शाई अडकली. प्रिंटरचं हेड साफ केलं, शाई नीट उतरते का ते दाखवणारा नोझल चेक काढला. सगळ्या रेघा अखंड. आणि मग लक्षात आलं... त्याच कागदावर कडुनिंब चांगला हिरवा होता, झबलं पिवळं होतं. म्हणजे पिवळी शाई नीट येत होती.

स्क्रीनकडे पाहिलं तर तिथेही लुगडं निळंच. रात्री चुकून काही दाबलं गेलं असेल म्हणून पुन्हा हिरवं केलं, सेव्ह केलं, फाइल बंद करून उघडली. निळं.

मग मी रीतसर कामाला लागले. कलर प्रोफाइल तपासलं. कुठे लपलेला लेयर राहिलाय का ते पाहिलं. सेटिंग मूळ पदावर आणली, शेवटी सॉफ्टवेअरच काढून पुन्हा टाकलं. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक रंग म्हणजे तीन आकडे; हिरव्याचे ते तीन कागदावर लिहून ठेवले आणि फाइल उघडल्यावर जे आकडे दिसत ते शेजारी लिहू लागले. प्रत्येक वेळी दुसरेच तीन. पण ते दुसरे तीन दर वेळी तेच. लेयरला लॉक लावलं तरी तेच.

फाइल टाकून दिली. फोटो नव्याने स्कॅन केला आणि या वेळी हिरव्याचा नादच सोडून लुगडं मरून केलं. सेव्ह केलं, उघडलं. तेच तीन आकडे.

नवऱ्याचा लॅपटॉप घेतला, पेन ड्राइव्हने स्कॅन त्यावर नेला आणि पहिल्यापासून रंगवलं. तेच. आणि बदलायचं ते फक्त लुगडं! त्याच दिवसांत मी एक लग्नपत्रिका आणि एका शाळेचं बॅनर केलं, त्यातला एक ठिपकाही हलला नाही.

ज्याच्याकडून मी हे सॉफ्टवेअर शिकले तो रूपेश नागपूरला असतो. त्याने तिकडून माझी स्क्रीन हातात घेऊन अर्धा तास सगळं उलटंपालटं केलं. सॉफ्टवेअरमध्ये आपण केलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी राहते, तीत हिरव्याचा निळा झाल्याची नोंदच नव्हती. शेवटी तो म्हणाला, फाइलमध्ये काही नाही, आहे तसा देऊन टाक आणि मोकळी हो.

एक कबूल करते. मला भीती वाटली नाही. तो निळा रंग पाहताना उलट असं वाटायचं की त्या बाईचा चेहरा आता कुठे जागेवर आलाय. मी स्वतः तो रंग कधीच निवडला नसता, पण चुकीचाही म्हणता येईना.

संगीताताईंना फोन करून सांगितलं की तुम्ही म्हणालात तो रंग काही केल्या येत नाहीये, मी स्वतःच फ्रेम घेऊन येते. रविवारी सकाळच्या बसने चादरीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन देवळीला उतरले. बाबा पुढच्या खोलीत दाराजवळ, उजेडात बसले होते. अंगाने बारीक, पांढरा सदरा. मी ताईंची हळूच माफी मागितली. चांगला दिसते की, चालते, असं म्हणून त्यांनी फ्रेम बाबांच्या मांडीवर उभी धरली.

बाबांना नळीतून पाहावं तसं दिसायचं, एका वेळी थोडंसं. म्हणून ते फोटोवरून डोकं हळूहळू फिरवत होते. आधी झबल्यातलं मूल पाहिलं. मग वर चेहऱ्याकडे गेले. मग लुगड्यावर आले आणि तिथे थांबले. नाक काचेला टेकेल इतके जवळ गेले.

मग माझ्या दिशेने तोंड करून त्यांनी विचारलं, "हा रंग तुमाले कोनं सांगतला?"

मी म्हटलं, कोणीच नाही बाबा, माझी चूक आहे, ताईंनी हिरवा सांगितला होता.

"हिरवं नोतं," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते संगीताताईही आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होत्या. आईचा चेहरा त्यांना अजिबात आठवत नव्हता, तो फक्त या फोटोतून माहीत होता. पण एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. आपण कुठेतरी उताणे निजलोय, तोंडावर पातळ कापड आहे, त्यातून ऊन येतंय आणि सगळं निळं दिसतंय. वाऱ्याने ते कापड वर उचललं जातं, पुन्हा अलगद तोंडावर बसतं. एवढंच. रंग जवसाच्या फुलाचा. दर वर्षी जवस फुलला की ते कुणाच्याही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभे राहायचे. लोकांना वाटायचं, पीक पाहतायत.

"बाबा, मंग मले काऊन नाई सांगतलं?" संगीताताईंनी विचारलं. त्या फ्रेम धरूनच खाली बसल्या होत्या.

"एवढ्याशा लेकराले काय आठवते, म्हनून लोकं हासले असते," बाबा म्हणाले. "तेवढंच तं होतं माह्यापाशी तिचं."

आपण फार मोठ्या कशाच्या तरी अगदी जवळ उभ्या आहोत आणि बोलू नये, हलू नये, असं काहीसं वाटत होतं.

निघताना ताई मला गावाबाहेर एका शेताच्या कडेला घेऊन गेल्या. तिथे जवस फुलला होता. पर्समध्ये ती पहिली छोटी प्रिंट होती. मी एक फूल खुडून लुगड्यावर ठेवलं. रंग जुळवणं हे माझं पोट भरायचं काम आहे. मला त्या दोन रंगांत फरक काढता आला नाही.

सोमवारी दुकानात फाइल उघडली. लुगडं हिरवं केलं, सेव्ह केलं, उघडलं. हिरवंच राहिलं. मरून केलं, मरून राहिलं. कॉम्प्युटर अगदी सरळ वागत होता, जणू मधले आठ दिवस झालेच नाहीत. मग मी कागदावरचे ते तीन आकडे टाकून निळा परत आणला, सेव्ह केला, आणि त्या फाइलला पुन्हा हात लावला नाही.

रूपेश म्हणतो, सॉफ्टवेअरची एखादी आतली फाइल खराब झाली असेल आणि पेन ड्राइव्हमधून ती लॅपटॉपवरही गेली असेल. असेल. निळा काही जगावेगळा रंग नाही, योगायोगही असेल. पण जे एका म्हाताऱ्या माणसाने सख्ख्या मुलीलाही सांगितलं नव्हतं, ते खराब फाइलला कुठून कळलं — इथे येऊन मी थांबते.

दिवाळीपर्यंत बाबांचा दुसरा डोळाही गेला. तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रात असेल आणि कारण माहीत असेल, तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पटलं तर मान्यही करेन. फक्त ते कारण घेऊन मी देवळीला जाणार नाही.