हिमनदीच्या पोटात धरलेला हात

त्या जूनच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जायचं ठरलं, तेव्हा यांच्या मानेतली गाठ कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. निघायच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासायला घेतला. "खुशाल जाऊन या, रिपोर्ट फोनवर कळवू," म्हणाले. यांनी क्लिनिकला माझा नंबर दिला. सिंगापूरमधल्या पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये बॅगा भरताना मी देव्हाऱ्यातल्या दत्त महाराजांशी जवळजवळ भांडलेच. नामस्मरण रोज चालू होतं, पण ते ऐकणारं कुणी आहे का, ही शंका मनात घर करून बसली होती.

तिथे एका डोंगरावर हिमनदीच्या आत बर्फाची गुहा कोरलेली आहे. केबल कारमधून उतरले आणि फोनवर मिस्ड कॉल दिसला. क्लिनिकचाच. उलट लावला तर लागेना. सिंगापूरला संध्याकाळ होत आलेली, क्लिनिक बंद व्हायची वेळ. यांना सांगायचं धाडस होईना. "आई, फास्ट लाह!" लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली आणि बाबांना ओढत आत शिरली.

मीही मागोमाग गेले. निळसर भिंती, डोक्यावर टपटपणारे थेंब, पायाखाली रबरी चटई, कडेला धरायला दोर. चार पावलं गेल्यावर रेंज गेली. ही दोघं वळणाआड दिसेनाशी झाली. एवढा बर्फ डोक्यावर, फोन मुका आणि यांच्या मानेत ती गाठ. पाय उचलेना. महाराजांचं नाव घ्यायला गेले, तर तेही ओठांवर येईना.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड घट्ट पकडला. एक म्हातारी गोरी बाई होती, एकटी, थरथरत होती. ती काय बोलली ते कळलं नाही, भीती मात्र कळली. मी निश्चल उभी होते, म्हणून तिला मी धीराची वाटले असेन. माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "घाबरू नका, मी आहे ना."

आवाज माझाच होता. पण हे शब्द कुणीतरी मला म्हणावेत म्हणून मी किती दिवस तळमळत होते! ते कानांवर पडले आणि डोळे भरून आले. एका हातात दोर, दुसऱ्यात तिचा हात, अशी मी चालू लागले. ती तिच्या भाषेत काही पुटपुटत होती, मी दत्तगुरूंचं नाव घेत होते.

बाहेर ऊन होतं. तिची मुलगी तिला शोधतच होती. म्हातारीने माझा गाल थोपटला आणि गेली. आणि फोन वाजला, क्लिनिकचाच.

गाठ साधी नव्हती. पसरलेली मात्र नव्हती, ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. मी सगळं नीट विचारून घेतलं. मग बाकावर यांच्याशेजारी बसून, काही न लपवता सांगितलं. "तू बरोबर असशील ना, ऑपरेशनला आत नेईपर्यंत?" एवढंच यांनी विचारलं.

मी बरोबर होते. आज हे बरे आहेत, दरवर्षी तपासणीला जातो. तो रिपोर्ट मी गुहेत शिरायच्या आधीच लिहून झाला होता, महाराजांनी तो बदलला नाही. तो ऐकण्याचं बळ मात्र त्यांनी माझ्या हातात आणून ठेवलं. रोज भारंभार मागणाऱ्या मला तेवढं मागायचं सुचलंच नव्हतं.